फोन उचलल्यावरचा पहिला शब्द

फोन वाजल्यावर तो घेणाऱ्याने प्रथम उच्चारायचा शब्द किंवा वाक्य. पलीकडचा माणूस दिसत नसल्याने लाईन जुळली असून आपण ऐकतो आहोत, एवढे कळवणे हे त्याचे मूळ काम. ओळख देणे, ओळख विचारणे, बोलण्याची भाषा ठरवणे ही कामे पुढे त्याच्या गळ्यात पडली.

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना ‘अहॉय’ ही खलाशांची हाक पसंत होती. टॉमस एडिसन यांनी १८७७ साली एका पत्रात ‘हॅलो’ सुचवला आणि तोच टिकला. तरी सगळ्यांनी तो घेतला नाही. इटलीत ‘प्रोन्तो’, स्पेनमध्ये ‘दीगा’, मेक्सिकोत ‘ब्वेनो’ म्हणतात. जपानमधले ‘मोशी मोशी’ प्रसिद्ध असले तरी ते घरगुती. कचेरीत आधी कंपनीचे नाव सांगतात. जर्मनीत फोन उचलून थेट आडनाव सांगण्याची रीत आहे. आपल्याकडे ‘जोशी’ एवढेच सांगितले तर समोरचा ‘कुठले जोशी?’ असे विचारील.

मुंबईत टेलिफोन एक्सचेंज १८८२ साली आले, पण मध्यमवर्गीय मराठी घरात फोन पोचायला फार काळ गेला. नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. तोवर चाळीतल्या एखाद्याचा फोन साऱ्या मजल्याचा, आणि इतरांच्या कार्डावर त्याच नंबरापुढे ‘पीपी’ ही अक्षरे, म्हणजे फोन शेजाऱ्याचा. अशा घरात ‘हॅलो’च्या पाठोपाठ ‘कोण पाहिजे?’ हाच प्रश्न ठरलेला. मग ‘धरा हं, बोलावते’ म्हणून रिसीव्हर आडवा ठेवायचा आणि गॅलरीतून हाक मारायची. बाहेरगावचा ट्रंक कॉल असला की आकार तीन-तीन मिनिटांच्या हिशेबाने. त्यातली बरीचशी मिनिटे माणूस जिना चढून येण्यातच संपत. फोन असलेल्या घरातल्या बाईला सगळ्यांच्या सोयरिकी आणि दुखणी आपोआप कळत, हा त्या सोयीचा न बोललेला मोबदला.

याच शहरात फोनवरचा नमस्कार माणसाची ओळखही सांगतो. ‘जय भीम’, ‘जय महाराष्ट्र’, ‘राम कृष्ण हरी’, पारशी घरातले ‘साहेबजी’ यांपैकी काहीही कानी पडले की पुढच्या संभाषणाचा सूर लागतो. राज्य सरकारने २ ऑक्टोबर २०२२ पासून शासकीय कर्मचाऱ्यांनी ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणावे, अशी मोहीम सुरू केली. तिच्यावर वादही झाला. असे शब्द वरून सांगून रुळत नसतात.

मोबाइलने बराच फरक केला. सुरुवातीला येणाऱ्या कॉललाही पैसे पडत, तेव्हा नमस्कार-चमत्कार आवरते घेऊन ‘पटकन बोल’ म्हणत. २००३ साली येणारे कॉल फुकट झाले आणि ती घाई ओसरली. आता पडद्यावर नाव आधीच दिसते, त्यामुळे ‘कोण बोलतंय?’ची जागा ‘बोल गं’, ‘हां, बोला काका’ यांनी घेतली. लोकलच्या गर्दीत तर ‘दादरला पोचतेय’ हेच पहिले वाक्य.

अनोळखी नंबर असला की मात्र मराठी मुंबईकरही पुष्कळदा ‘हां, बोलिए’ म्हणून मोकळा होतो. पलीकडून कुरिअरवाला ‘साहेब, गेटवर आहे, कितवा मजला?’ विचारतो, तेव्हा कुठे गाडी मराठीवर येते. नव्या पिढीत न कळवता फोन करणेच आगाऊपणाचे मानले जाऊ लागले आहे; आधी व्हॉट्सॲपवर ‘फोन करू का?’ असे विचारतात आणि होकार आला की मगच नंबर लावतात.