मोटारीच्या इंजिनाची घरगुती देखभाल

मोटारीच्या इंजिनाची घरच्या आवारात, साध्या अवजारांनी केलेली तपासणी, सर्व्हिसिंग व किरकोळ दुरुस्ती. ऑइल, ऑइल फिल्टर, हवेचा फिल्टर व स्पार्क प्लग बदलणे, कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी राखणे आणि बॅटरीची टर्मिनले साफ करणे एवढी कामे यात सहज बसतात. टायमिंग बेल्ट, म्हणजे झडपा व पिस्टन यांची हालचाल जुळवणारा दातेरी पट्टा, मात्र यात धरू नये. अनेक इंजिनांत पट्टा चुकीच्या दातांवर बसला, तर झडपा पिस्टनवर आदळून वाकतात आणि हजाराचे काम लाखावर जाते.

चावी काढली म्हणजे इंजिन निवले, असा समज असतो. प्रत्यक्षात वजन, उष्णता, दाब आणि वीज मागे उरतात आणि बहुतेक अपघात त्यांतूनच होतात.

जॅकचे काम गाडी उचलण्यापुरतेच. जमीन सपाट व टणक असावी, हँडब्रेक ओढलेला असावा, जमिनीवरच्या चाकांना उटी (चाक घरंगळू नये म्हणून पाचर) लावलेली असावी आणि वाहनपुस्तिकेत दाखवलेल्या जागी जॅक स्टँड (गाडी पेलून धरणारा लोखंडी आधार) दिल्याशिवाय गाडीखाली शिरू नये. विटा किंवा सिमेंटचे ठोकळे रचून काम भागवणारे पुष्कळ भेटतात. भार एका बिंदूवर आला की हे ठोकळे करकर आवाजही न करता फुटतात.

रेडिएटरच्या झाकणामुळे आत वातावरणापेक्षा सुमारे १ बार (साधारण हवेच्या दाबाइतका) जास्त दाब राहतो. त्यामुळे कूलंट १००° से.च्या वर गेले तरी उकळत नाही. गरम असताना झाकण फिरवले, की दाब सुटतो आणि तेच कूलंट क्षणात उकळून तोंडावर उसळते. रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) हाताला गार लागेपर्यंत थांबणे हाच उपाय. काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप फिरू लागतो, म्हणून तिथे बोटे घालू नयेत. कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते. सांडलेले तसेच ठेवल्यास मुले व पाळीव प्राणी ते चाटण्याची भीती असते.

कॉमन रेल डिझेल इंजिनात (ज्यात सर्व सिलिंडरांना एकाच उच्चदाबाच्या नळीतून इंधन मिळते) इंधनाचा दाब १,५०० बारच्याही वर जातो. गळती हाताने चाचपू नये : बारीक फवारा कातडी भेदून आत शिरतो, जखम टाचणीएवढी दिसते, पण तातडीने शस्त्रक्रिया लागू शकते.

बॅटरीची ऋण तार आधी सोडतात आणि शेवटी जोडतात. गाडीचा पत्रा ऋण टोकाला जोडलेला असल्यामुळे, धन टोक सोडताना पाना पत्र्याला टेकला तर शॉर्ट होते. चार्जिंगच्या वेळी निघणारा हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला तरी पेटू शकतो. हायब्रिड गाडीतील नारिंगी तारांना हातच लावू नये. त्यांत शेकडो व्होल्ट असतात.

बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवणे प्राणघातक ठरते. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो आणि तो रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो.

ऑइल बदलताना इंजिन उघड्यावर थोडा वेळ चालवून बंद करावे. कोमट ऑइल गाळासकट वाहते. ड्रेन नट हिसक्याने आवळण्याचा मोह अनुभवी हातांनाही होतो. ॲल्युमिनियमच्या चेंबरचे (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचे) आटे त्यानेच जातात. वॉशर नवा घालावा व टॉर्क पाना (ठरलेल्या जोराइतकेच आवळणारा पाना) वापरावा. फिल्टर काढल्यावर जुने रबरी गॅस्केट (गळती रोखणारी कडी) इंजिनालाच चिकटून राहिले नाही ना, हे बोट फिरवून पाहावे. त्यावर दुसरे बसले तर दाबाने ऑइल बाहेर फेकले जाऊन काही मिनिटांत इंजिन कोरडे पडते. नव्या गॅस्केटला ऑइलचे बोट लावून फिल्टर हातानेच आवळतात. मग नवे ऑइल भरून इंजिन चालू करावे व खाली गळती पाहावी, बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) तपासावी.

वापरलेले ऑइल वारंवार कातडीला लागणे अपायकारक असते, म्हणून हातमोजे घालतात. हे ऑइल गटारात किंवा मातीत न ओतता झाकणाच्या कॅनमध्ये भरून अधिकृत संकलकाकडे द्यावे. त्यात कूलंट किंवा पेट्रोल मिसळू नये. अशा मिश्रणाचे पुनर्शुद्धीकरण अवघड होते.