क्षितिजाची रेघ पुसत का नाही?

समुद्राचे फोटो काढायला शिकवणारे दोन गोष्टी हमखास सांगतात. एक, क्षितिज मधोमध घेऊ नका. दोन, शटर ३० सेकंद उघडं ठेवा, पाण्याचा आरसा होतो. पहिला नियम जपानी छायाचित्रकार हिरोशी सुगिमोतो यांनी १९८० पासूनच धाब्यावर बसवला आहे. जगभरच्या समुद्रांची त्यांची कृष्णधवल चित्रं वर निम्मं आकाश, खाली निम्मं पाणी अशी दुभागलेली असतात. ना होडी, ना पक्षी. दुसरं विधान मात्र भौतिकशास्त्रालाच मान्य नाही.

शांत पाण्याकडे सरळ वरून पाहिलं तर जेमतेम २ टक्के प्रकाश परावर्तित होतो. नजर तिरपी होत गेली की परावर्तन वाढतं: लंबापासून ८० अंशांवर सुमारे ३५ टक्के, आणि नजर पाण्याला समांतर होऊ लागली की १०० टक्क्यांकडे. क्षितिजापाशी ती जवळजवळ समांतरच असते. म्हणजे समुद्र खरोखर सपाट असता तर तिथल्या पाण्याने आकाशाची हुबेहूब नक्कल केली असती आणि रेघच उरली नसती. बोलिव्हियातल्या सालार दे उयुनी या मिठाच्या मैदानावर पावसाळ्यात पाण्याचा पातळ थर साचतो, तेव्हा वारा पडला असेल तर असंच दिसतं.

समुद्रावर मात्र लाटा असतात. दूरवर पाहताना त्यांच्या पलीकडच्या उतरणी माथ्यांमागे लपतात आणि दिसतात त्या आपल्याकडे कललेल्या. समजा असा एक उतार १५ अंशांचा आहे. आडव्या नजरेला तो ३० अंश उंचीवरचं आकाश दाखवतो, आणि निरभ्र दिवशी ते क्षितिजालगतच्या आकाशापेक्षा गडद असतं. शिवाय नजर आता लंबापासून ७५ अंशांवर आली, त्यामुळे परावर्तन २१ टक्क्यांपर्यंत घसरतं. आधीच मंद प्रकाश, त्यातलाही पाचवा हिस्सा! रेघेखालचं पाणी काळपट दिसतं ते यामुळे. लाटांचे हे उतार समुद्रशास्त्रज्ञ चार्ल्स कॉक्स आणि वॉल्टर मंक यांनी चक्क छायाचित्रांवरून मोजले. विमानातून टिपलेली सूर्याची चकाकी पाण्यावर किती पसरली आहे, यावरून त्यांनी उताराचं गणित मांडलं आणि १९५४ मध्ये प्रसिद्ध केलं.

आता एनडी फिल्टर, म्हणजे आत येणारा प्रकाश कमी करणारी गडद काच, लावून ३० सेकंदांचं एक्स्पोजर घ्या. लाटा काही झोपत नाहीत. सेन्सरच्या प्रत्येक बिंदूवर त्या वेळात येऊन गेलेल्या सगळ्या उतारांच्या उजेडाची सरासरी उमटते. पोत जातो, काळपटपणा राहतो. रेघ खरोखर विरते ती धूसर हवेत. किनाऱ्यावर उभ्या माणसापासून क्षितिज साधारण साडेचार किलोमीटरवर असतं. हवा दमट असेल तर मधल्या कणांनी विखुरलेला प्रकाश दूरच्या पाण्याचा काळोख भरून काढतो. उन्हाळ्यात कोकणातल्या फोटोग्राफरला हा परिणाम फुकटात मिळतो.

क्रॉप करताना हे कामी येतं. आकाश क्षितिजाशी उजळ आणि वर गडद होत जातं. क्षितिजाभोवतीची अरुंद पट्टीच ठेवून बाकीचं कापलं तर हा चढउतार बाहेर पडतो आणि हाती दोन सपाट रंग उरतात. चौरस किंवा उभ्या चौकटीत तो टिकतो. १.६१८ च्या सुवर्ण गुणोत्तराची वेटोळी फोटोवर ठेवणाऱ्या ॲपना यातलं काही कळत नाही. ती वेटोळी फिरवून फिरवून कुठल्याही फोटोवर बसवता येते.

रेघ १ अंशाने कलली असेल तर ६००० पिक्सेल रुंदीत तिची दोन टोकं सुमारे १०५ पिक्सेल वरखाली होतात. फोटो सरळ करताना कडा गमवाव्या लागतात, म्हणून काढतानाच थोडी जागा सोडावी. वाइड लेन्समध्ये मध्यापासून दूर गेलेली रेघ वाकते. मध्यातून जाणारी सरळ राहते. किनाऱ्यावरून काढलेलं वाकडं क्षितिज दाखवून पृथ्वी गोल असल्याचा, किंवा सरळ क्षितिज दाखवून ती सपाट असल्याचा 'पुरावा' फिरवणारे बहुतेक वेळा आपल्या लेन्सचाच दोष किंवा गुण दाखवत असतात. हा वाक क्रॉप करण्याआधीच काढावा. दुरुस्तीचं गणित मूळ चौकटीच्या मध्यबिंदूपासून चालतं, आणि कापलेल्या फोटोत तो बिंदू जागेवर राहत नाही.