एका बाजूने टांगलेली झडप

सरकत्या खिडकीचे वजन खालच्या रुळावर विसावते. बिजागरीवर उघडणाऱ्या, म्हणजेच केसमेंट खिडकीच्या झडपेला असा आधार नसतो. ती एका बाजूने चौकटीला टांगलेली असते आणि तिच्याविषयीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या टांगण्यातच सापडते. ६० सेंटिमीटर रुंद आणि १२० सेंटिमीटर उंच झडप घेतली, तर तिच्यातील ५ मिलिमीटर जाडीच्या काचेचेच वजन सुमारे ९ किलो भरते. ॲल्युमिनियमचे सेक्शन आतून पोकळ असल्यामुळे एकूण वजनात मोठा वाटा काचेचाच असतो. हा सारा भार बिजागरीपासून साधारण ३० सेंटिमीटरवर एकवटला आहे असे मानले, तर वरची बिजागरी बाहेर ओढली जाते आणि खालची आत दाबली जाते, हे लक्षात येईल. उंची तीच ठेवून रुंदी दुप्पट केली, तर वजन दुप्पट होते आणि ते दुप्पट अंतरावरही जाते, म्हणजे बिजागऱ्यांवरची ओढ चौपट होते. अशा झडपा सहसा अरुंद आणि उंच असतात त्या याच हिशेबाने.

चार कोपऱ्यांवर जोडलेली आयताकृती चौकट मुळात फारशी ताठ नसते. जोर पडला की ती तिरपी होऊ पाहते. तिला कर्णाचा आधार दिला तर मात्र ती हलत नाही, आणि खिडकीत हे कर्णाचे काम चक्क काच करते. काच बसवताना कारागीर तिच्या कडांना प्लास्टिकचे छोटे पॅकिंग लावतो. त्यांतील एक खाली बिजागरीकडच्या कोपऱ्याजवळ आणि दुसरे वर हँडलकडच्या कोपऱ्याजवळ असले पाहिजे, कारण झडप झुकू लागली की नेमका हाच कर्ण आखडू पाहतो आणि मधली काच त्याला आखडू देत नाही. पॅकिंग निसटले किंवा चुकीच्या कोपऱ्यात लागले, तर काही महिन्यांत हँडलकडचा खालचा कोपरा चौकटीवर घासू लागतो; तेथे रंग उडून बोटभर लांबीची चकचकीत रेघ दिसते आणि वरची फट एका टोकाला रुंद होते. अशा वेळी कानस घेऊन चौकट घासणे हा उपाय नव्हे. आधी बिजागरीचे स्क्रू सैल झाले आहेत का ते पाहावे, ते घट्ट असतील तर काचेचे पॅकिंग नव्याने करून घ्यावे.

अनेक खिडक्यांत साध्या बिजागरीऐवजी फ्रिक्शन स्टे असतो. झडपेच्या वर आणि खाली बसवलेल्या स्टेनलेस स्टीलच्या या पट्ट्यांमुळे झडप उघडताना बिजागरीकडची कडही चौकटीपासून थोडी दूर सरकते, म्हणून त्या फटीतून हात घालून बाहेरची काच पुसता येते. पट्टीच्या खाचेत एक ठोकळा मुद्दाम घट्ट सरकतो, आणि त्याच्या घर्षणामुळे झडप जिथे सोडावी तिथे थांबते. ती जड चालते म्हणून या खाचेत सढळ हाताने तेल सोडले जाते (हा पराक्रम प्रस्तुत लेखकाच्याही नावावर आहे) आणि दुसऱ्या दिवशी साध्या झुळकेने झडप आपटू लागते. शिवाय तेलात धूळ मिसळून काळा चिखल तयार होतो, तो ठोकळा झिजवतो. खाच ब्रशने साफ करून कोरडीच ठेवावी; तेल द्यायचे ते पट्ट्यांच्या फिरत्या सांध्यांना, तेही एकेक थेंब. झडप स्थिर राहत नसेल, तर अनेक प्रकारांत ठोकळ्यावरचा लहान स्क्रू किंचित आवळून घर्षण वाढवता येते.

अर्थात वाऱ्यापुढे या घर्षणाचे फारसे चालत नाही. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ३६ किलोमीटरचा वारा वरील मापाच्या झडपेवर समोरून आदळला, तर तो सुमारे साडेचार किलो वजनाइतका रेटा देतो. ताशी ७२ किलोमीटरला हाच रेटा साडेसतरा किलोच्या घरात जातो. वादळी हवेत झडप अर्धवट उघडी ठेवू नये.

बंद करताना झडप आधी हाताने चौकटीला टेकवावी आणि मग हँडल फिरवावे. हँडलने झडप ओढून आणण्याची सवय आतल्या दांड्याला आणि हँडलच्या ओतीव मिश्रधातूला मानवत नाही. कुलूप लागताना रबरी गॅस्केट दाबले जाते. ते पुरेसे दाबले जाते का, हे पाहण्यासाठी कागदाची पट्टी मध्ये धरून खिडकी बंद करावी आणि पट्टी ओढावी. ती अलगद निघून आली, तर तेथून वारा आणि पाणी येणारच. गॅस्केटला खनिज तेल लावू नये, रबर फुगते; सिलिकॉन चालते.

चौकटीच्या खालच्या पन्हळीत थोडे पाणी शिरणे हा दोष नाही, ते बाहेर काढण्यासाठीच तेथे छिद्रे ठेवलेली असतात. मात्र ताशी ७२ किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब पाण्याचा सुमारे २४ मिलिमीटर उंचीचा स्तंभ तोलून धरू शकतो. छिद्रे मातीने बुजली, तर तुंबलेले पाणी या रेट्याने आतली कड ओलांडते आणि दोष विनाकारण सीलंटला दिला जातो. पावसाळ्यापूर्वी पन्हळीत तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर पडते का, एवढे पाहिले तरी पुरे.

धातूची निगा सोपी आहे. ॲल्युमिनियमवर हवेतील ऑक्सिजनमुळे ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर आपोआप तयार होतो आणि तोच खालच्या धातूला वाचवतो. पावडर कोटिंगचा ६० ते ८० मायक्रॉनचा थर त्यावरचे जादा संरक्षण. ऑक्साइड साधारण ४ ते ८.५ सामूच्या दरम्यान टिकते, म्हणून सौम्य साबणाचे पाणी आणि मऊ फडके योग्य, तीव्र आम्ल किंवा कॉस्टिकयुक्त द्रव अयोग्य. ओल्या सिमेंटचा सामू १२ च्या वर असतो. प्लास्टरचे काम चालू असताना उघड्या ॲल्युमिनियमवर उडालेला थेंब तेव्हाच पुसला नाही, तर नंतर राहणारा पांढुरका डाग कितीही घासला तरी जात नाही, कारण तो वर बसलेला मळ नसून तेथला धातूच खाल्ला गेलेला असतो.