बरोबर असलेला बदल मागे घेताना

सप्टेंबर २०१९मध्ये लिनक्स कर्नलची, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, ५.३ ही आवृत्ती बाहेर पडण्याच्या बेतात होती, तेवढ्यात एक विचित्र तक्रार आली. नव्या कर्नलवर संगणक सुरू होताना मध्येच अडकत होता, लॉगिनचा पडदा येईच ना. कीबोर्डची दोन-चार बटणं दाबली की मात्र गाडं पुढे सरके.

शोध घेतल्यावर बोट गेलं ते एक्स्ट-फोर या फाइल सिस्टिममधल्या, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवणाऱ्या कोडमधल्या, एका सुधारणेकडे. सुधारणा चांगलीच होती, तिच्यामुळे डिस्ककडे माराव्या लागणाऱ्या फेऱ्या कमी झाल्या होत्या. घोटाळा दुसरीकडेच होता. यादृच्छिक संख्या तयार करायला कर्नलला एन्ट्रॉपी, म्हणजे आधी सांगता न येणाऱ्या घडामोडी लागतात, आणि डिस्ककडून येणारे इंटरप्ट, म्हणजे ‘काम झालं’ असे इशारे, हा त्यांचा एक स्रोत असतो. फेऱ्या घटल्या तसे इंटरप्टही घटले. एन्ट्रॉपी पुरेना, आणि यादृच्छिक संख्या मागणारा प्रोग्राम वाट पाहत बसला. तो थांबल्यामुळे संगणकात काहीच हालचाल नाही, आणि हालचाल नाही म्हणून एन्ट्रॉपीही नाही!

फाइल सिस्टिमच्या कोडमध्ये खोट नव्हती. तरीही लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी ती सुधारणा मागे घेऊनच ५.३ प्रसिद्ध केली. पुढे ५.४मध्ये गरज पडल्यास एन्ट्रॉपी स्वतःच तयार करण्याची सोय कर्नलमध्ये आली आणि मग ती सुधारणा परतली.

रिग्रेशन म्हणतात ते याला. एखादा वेबकॅम लिनक्सवर कधीच चालला नसेल, तर ती उणीव झाली. जुन्या कर्नलवर चालणारा वेबकॅम नव्यावर बंद पडला, तर ते रिग्रेशन. अशा वेळी कोड नियमाने बरोबर आहे, हा बचाव टॉरव्हाल्ड्स सहसा ऐकून घेत नाहीत. मला हा हट्ट शहाणपणाचा वाटतो, कारण अपडेटची धास्ती बसलेला माणूस सुरक्षेच्या दुरुस्त्याही घेत नाही.

दर नऊ-दहा आठवड्यांनी नवा कर्नल येतो आणि त्यात दहा हजारांहून अधिक बदल असतात. त्यातला नडणारा एक हुडकायला ‘गिट बायसेक्ट’ हे साधन वापरतात. चांगली आवृत्ती आणि बिघडलेली आवृत्ती यांच्या बरोबर मधला कर्नल कोडमधून बांधायचा, चालवून पाहायचा. चालला तर दोष पुढच्या अर्ध्यात, नाही तर मागच्या. दर फेरीत निम्मे संशयित गळतात, त्यामुळे दहा हजार बदलांना चौदाएक फेऱ्या पुरतात. मात्र मधलाच एखादा कर्नल बांधलाच जात नाही, किंवा बिघाड दहा वेळांतून एकदाच दिसतो. तेव्हा चुकून दिलेला ‘चांगला’ हा एक शेरा पुढचा सगळा शोध भलत्या वाटेला नेतो. शिवाय हे कष्ट बहुधा तक्रारदारालाच उपसावे लागतात, कारण बिघडणारं यंत्र त्याच्याकडेच असतं.

सापडलेलं रिग्रेशन विसरलं जाऊ नये म्हणून थॉर्स्टन लेमहुइस यांनी ‘रेग्झबॉट’ हा प्रोग्राम तयार केला. दुरुस्तीच्या पॅचमध्ये, म्हणजे कोडमधला बदल नोंदवणाऱ्या तुकड्यात, ‘फिक्सेस’ अशी ओळ असते, तिच्यात मूळ बदलाच्या ओळखक्रमांकाची निदान पहिली बारा अक्षरं लिहितात. कोणत्या जुन्या आवृत्त्यांना दुरुस्ती हवी, हे तिच्यावरून कळतं.

जुन्या आवृत्त्यांचं दुखणं मात्र वेगळं. २०२३च्या अखेरीस एक्स्ट-फोरचाच एक पॅच नव्या कर्नलमधून ६.१ या जुन्या मालिकेतल्या ६.१.६४मध्ये उतरवला गेला. नव्या कर्नलमध्ये तो निर्धोक होता, पण ज्या दुसऱ्या बदलावर तो विसंबून होता, तो ६.१च्या मालिकेत आलाच नव्हता. परिणामी काही परिस्थितींत फाइलींमधली माहिती बिघडू लागली. हा कर्नल वापरणाऱ्या डेबियन या लिनक्स वितरणाला आपल्या १२.३ आवृत्तीची वाटणी थांबवावी लागली आणि १० डिसेंबरला थेट १२.४ आली, तिच्यात दुरुस्त केलेला ६.१.६६ कर्नल होता.