तबकडी कालची, मशीन पन्नाशीतले

सांगलीत जुने मनगटी घड्याळ विकत घेताना तबकडीच्या आधी चावी पाहावी, असे माझे मत आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा बाजारपेठेतील माल भिजला आणि घराघरांतील कपाटांच्या खणांत ठेवलेल्या वस्तूही भिजल्या. अशा पाण्यातून निघालेले घड्याळ पुसून, नवी काच बसवून विक्रीला आले, तर ते वरून ओळखू येत नाही. चावीचा दांडा मात्र पोलादी असतो आणि तो पितळी मशीनमध्ये शिरलेला असतो. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून ओले राहिले की त्यांच्यात विजेच्या घटासारखी रासायनिक क्रिया सुरू होते आणि त्यात पितळ वाचते, पोलाद झिजते. त्यामुळे चकचकीत केसमधल्या दांड्यावर तांबूस पूड दिसली, तर ती पूड आतल्या चाकांच्या बेअरिंगपर्यंत पोहोचली असण्याची शक्यता धरून चालावे.

एका परिचितांनी असेच एचएमटीचे 'जनता' दाखवायला आणले होते. बंगळूरला १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने सुरू झालेल्या एचएमटीच्या घड्याळ कारखान्यातली घड्याळे आमच्या पिढीतल्या कितीतरी लोकांच्या मनगटावर होती, म्हणूनच आज त्यांच्या नावाने खोटेपणाही बराच चालतो. या घड्याळाची तबकडी पांढरीशुभ्र होती, पण दहापट भिंगाखाली बारीक अक्षरांच्या कडा पसरलेल्या दिसल्या आणि मिनिटांच्या काही रेघा इतरांपेक्षा जाड निघाल्या. कारखान्यातल्या ठशाने उमटलेल्या अक्षरांच्या कडा धारदार असतात. घड्याळजींनी दांडा ओढून बाहेर काढला, तेव्हा त्याच्या आट्यांत गंज भरलेला होता. तबकडी पुन्हा रंगवलेली होती आणि तिच्याखालचे मशीन जुनेच होते.

अंधारात चमकणाऱ्या काट्यांच्या जुन्या स्विस घड्याळांत हाच विसंवाद प्रकाशात दिसतो. या काट्यांवर रेडियम आणि झिंक सल्फाइडचा लेप असे. रेडियमचे अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मे उरायला लागणारा काळ, सुमारे १६०० वर्षे असले, तरी त्याच्या किरणांनी झिंक सल्फाइडचे चमकणारे कण काही दशकांतच निकामी होतात. म्हणून रेडियमचे काटे आज अंधारात काळेच दिसायला हवेत. नोटा तपासण्याच्या जांभळ्या टॉर्चखाली काटे झगमगले आणि टॉर्च विझल्यावरही बराच वेळ उजळत राहिले, तर तो लेप अलीकडचा समजावा. एक सूचना मात्र आवश्यक आहे: अशा घड्याळाची काच घरी उघडू नये, कारण चमक गेली तरी किरणोत्सार गेलेला नसतो आणि ती पूड श्वासातून आत जाऊ शकते.

चाल तपासणे त्या मानाने सोपे आहे. बहुतेक जुनी चावीची घड्याळे तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला पाच ठोके देतात, आणि मोबाइलच्या माइकवर ते मोजता येतात. दिवसाला कित्येक मिनिटे पुढे पळणाऱ्या घड्याळाजवळ होकायंत्र धरावे. सुई हलली, तर केसाइतकी बारीक स्प्रिंग चुंबकित होऊन तिचे वेढे एकमेकांना चिकटत असावेत. घड्याळजी तो दोष काही मिनिटांत काढतात, त्यामुळे तेवढ्यासाठी सौदा मोडू नये. दांड्यावरच्या तांबूस पुडीसाठी मात्र मोडावा.