रस्त्यावरचा कुत्रा दत्तक जातो, त्यामागची दोनशे वर्षे

मराठीत कुत्रा पाळतात, गाय सांभाळतात आणि दत्तक घेतात ते मूल. दत्तकविधान, दत्तकपुत्र, दत्तक नामंजूर ही शब्दांची सारी वंशावळ वारसा, गोत्र आणि गादी यांच्याशी जोडलेली आहे. त्यामुळे ‘इंडी (म्हणजे देशी, गावठी) पिल्लू दत्तक देणे आहे’ असा मजकूर तीस-चाळीस वर्षांपूर्वी कोणी वाचला असता, तर त्याला ती थट्टाच वाटली असती. आज मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर अशा शहरांत तो मजकूर रोजचा झाला आहे आणि निवारागृहातून आणलेले पिल्लू कोणाच्या तरी सोफ्यावर झोपलेले पाहून कोणी आश्चर्य करत नाही. मात्र रस्त्यावरच्या कुत्र्याला घर मिळावे ही कल्पना आपल्याकडे फार उशिरा आली. त्याआधी दीडशेहून अधिक वर्षे वाद चालला तो कुत्र्याला जगू द्यावे की मारावे, एवढ्याच प्रश्नाभोवती.

कुत्र्याविषयी आपल्याकडे आपुलकी नव्हती असे नाही. दत्तात्रेयाच्या पायाशी चार कुत्रे बसतात, खंडोबाबरोबर कुत्रा असतो, आणि कोरडी भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव तर घरोघरी ठाऊक आहेत. या आपुलकीची हद्द मात्र उंबरठ्यापाशी संपत असे. कुत्र्यासाठी भाकरी बाजूला काढायची, ती अंगणात टाकायची, आणि कुत्र्याने तिथेच खाऊन राखण करायची, असा तो व्यवहार होता. गावात तो वाईट चालला असेही म्हणता येत नाही. अडचण आली ती शहरात, कारण तिथे अंगणच उरले नव्हते.

मुंबईत हा प्रश्न किती जुना आहे, ते १८३२ च्या दंगलीवरून दिसते. कंपनी सरकारच्या १८१३ च्या नियमानुसार वर्षातून दोनदा, म्हणजे १५ एप्रिल ते १५ मे आणि १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात, मोकाट कुत्री मारली जात. १८३२ मध्ये दंडाधिकाऱ्यांनी उन्हाळ्याची मुदत १५ जूनपर्यंत वाढवली आणि दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठेवले. आठ आण्यांच्या लोभाने कुत्रे मारणारे रस्त्यावर थांबेनात; ते लोकांच्या आवारात शिरून कुत्री ओढून नेऊ लागले. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक स्थान आहे. मृतदेहाला कुत्र्याची दृष्टी पडावी म्हणून ‘सगदीद’ हा विधी केला जातो आणि त्यासाठी डोळ्यांवर दोन ठिपके असलेला, म्हणून ‘चार डोळ्यांचा’ म्हटला जाणारा कुत्रा विशेष योग्य मानतात. अशा समाजाच्या दारात दंडुके घेतलेली माणसे उभी राहिल्यावर ६ जून १८३२ रोजी फोर्ट भागात उद्रेक झाला. दुकाने बंद झाली, कुलाब्याच्या लष्करी तळाकडे जाणारी रसद अडवली गेली आणि अखेर सैन्य बोलवावे लागले. पारशांबरोबर हिंदू आणि जैन व्यापारीही त्यात होते. कुत्र्यावरून एखादे शहर बंद पडल्याची उदाहरणे जगात फार नसावीत.

या प्रसंगातून जी संस्था उभी राहिली, ती पुढच्या सगळ्या इतिहासाला वळण देणारी ठरली. १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद, म्हणजेच मोतीशा शेठ, यांच्या पुढाकाराने भुलेश्वर भागात मुंबईचे पांजरपोळ सुरू झाले. कुत्री मारण्याऐवजी त्यांना तिथे आणून पोसावे, असा त्यामागचा एक मुख्य हेतू होता. पांजरपोळाची कल्पना मुळात आमरण आश्रयाची आहे. जनावर एकदा आत आले की मरेपर्यंत तिथेच राहायचे. ते दुसऱ्याला देऊन टाकणे म्हणजे कदाचित कसायाच्या हवाली करणे, ही भीती त्या दयेच्या पोटातच असते. लंडनमध्ये मेरी टील्बी यांनी १८६० मध्ये हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठी घर काढले आणि १८७१ मध्ये ते बॅटरसी येथे गेले. त्याच्या मूळ नावातच ‘तात्पुरते’ हा शब्द होता. कुत्र्याने तिथून पुढे जुन्या मालकाकडे किंवा नव्या घरी जावे, हे त्यात गृहीत होते. आपल्याकडे आश्रय होता, पण त्याला बाहेर उघडणारे दार नव्हते. माझ्या मते दत्तकाची पद्धत आपल्याकडे उशिरा रुजली, याचे एक मोठे कारण इथेच आहे.

पुढे मुंबईत १८७४ मध्ये प्राणी-क्रूरता प्रतिबंधक संस्था आणि १८८३ मध्ये परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय सुरू झाले. त्यांचा भर मुख्यतः ओझ्याची जनावरे, घोडे आणि बैल यांच्यावर होता. रस्त्यावरच्या कुत्र्यांना महापालिका मारतच राहिली, आणि स्वातंत्र्यानंतरही त्यात खंड पडला नाही. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेल्या आग्रहातून १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आला आणि १९६२ मध्ये त्यांच्याच अध्यक्षतेखाली भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ स्थापन झाले, तरी मुंबईत विजेचा धक्का देऊन कुत्री मारण्याचे काम १९९४ पर्यंत चालू होते. चेन्नईच्या ब्लू क्रॉस संस्थेने नसबंदी आणि रेबीजची लस हा मार्ग १९६० च्या दशकातच सुचवला होता. महापालिकांना तो पटायला तीस वर्षे लागली, आणि तोही प्रामुख्याने दयेमुळे पटला नाही. वर्षानुवर्षे मारूनही कुत्र्यांची संख्या व रेबीज कमी होत नाही, मोकळ्या झालेल्या जागेत शेजारची कुत्री येतात आणि पुन्हा पिल्ले होतात, हा हिशेब शेवटी मान्य करावा लागला. मुंबई उच्च न्यायालयाने १९९८ मध्ये यासंबंधी निर्देश दिले आणि २००१ मध्ये केंद्र सरकारचे श्वान प्रजनन नियंत्रण नियम आले.

या नियमांचा गाभा साधा आहे. कुत्रा पकडावा, निर्बीजीकरण व लसीकरण करावे, ओळख पटावी म्हणून कानाला खाच पाडावी आणि जिथून उचलला तिथेच परत सोडावे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने रस्त्यावरच्या कुत्र्याचे घर म्हणजे त्याचा रस्ता. दत्तकाची गरज निर्माण झाली ती या नियमात न बसणाऱ्या कुत्र्यांमुळे. गाडीखाली येऊन पाय गमावलेला कुत्रा परत कुठे सोडायचा? आई मेलेली तीन आठवड्यांची पिल्ले कोणाच्या गल्लीत ठेवायची? उपचारांसाठी आणलेली अशी कुत्री निवारागृहात साचू लागली, जागा भरली की पुढचा जखमी जीव नाकारावा लागू लागला, आणि मग कार्यकर्त्यांनी ओळखीपाळखीत घरे शोधायला सुरुवात केली. प्रारंभ इतका अनौपचारिक होता.

त्यात दुसऱ्या बाजूने भर पडली ती जातिवंत म्हणवल्या जाणाऱ्या कुत्र्यांची. २००३ मध्ये एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत लहान मुलामागे धावणारा पग झळकला आणि घरोघरी पगची मागणी सुरू झाली. पुढे आपल्या उकाड्यात हस्की हे थंड प्रदेशातले कुत्रेही आले. हौस फिटल्यावर, बदली झाल्यावर किंवा त्वचारोगाचा खर्च परवडेनासा झाल्यावर यांतले कित्येक रस्त्यावर सोडले गेले. रस्त्यावर जन्मलेला कुत्रा रस्त्यावर तग धरतो, पण गादीवर वाढलेल्या पगला ते जमत नाही. २०१६ मध्ये कुत्र्यांच्या व्यापारी आयातीवर बंदी आली आणि त्यानंतर प्रजनन व विक्रीसाठीही नियम झाले, तरी टाकून दिलेल्या कुत्र्यांचा ओघ आटला नाही.

याच वर्षांत दत्तकाला स्वतःची रीत मिळाली. पावसाळा सरल्यापासून हिवाळ्यापर्यंत पिल्लांचा हंगाम असतो, आणि एखाद्या शाळेच्या किंवा सोसायटीच्या आवारात शिबिरे भरतात. मुंबईत ‘वर्ल्ड फॉर ऑल’ संस्थेच्या दत्तक-शिबिरांमुळे ‘अ‍ॅडॉप्टथॉन’ हा शब्दच रूढ झाला. पिल्लू कायमच्या घरी जाईपर्यंत काही आठवडे कोणाकडे तरी ‘फॉस्टर’ला राहते, इच्छुकाच्या घराला भेट दिली जाते, खिडक्यांना जाळी आहे का आणि घरातील सर्वांची तयारी आहे का हे पाहिले जाते, वेळेवर नसबंदी करण्याचे लेखी वचन घेतले जाते. सोसायट्यांनी प्राणी पाळण्यावर सरसकट बंदी घालू नये, अशी भूमिका जीवजंतू कल्याण मंडळानेही घेतली आहे. गोव्यात परदेशी पर्यटक समुद्रकिनाऱ्यावर लळा लागलेला कुत्रा कागदपत्रे करून मायदेशी नेतात, ही तर एक वेगळीच शाखा आहे. रतन टाटांनी बॉम्बे हाउसमध्ये, म्हणजे टाटा समूहाच्या मुख्यालयात, आसपासच्या रस्त्यांवरील कुत्र्यांसाठी खोली राखली, ‘गोवा’ नावाचा रस्त्यावरचा कुत्रा आपलासा केला आणि आपल्या इन्स्टाग्रामवरून अनाथ कुत्र्यांसाठी घरेही शोधली. ‘गावठी’ या शब्दातला हेटाळणीचा सूर कमी होऊन ‘इंडी’ हा शब्द अभिमानाने उच्चारला जाऊ लागला, त्यात अशा उदाहरणांचा वाटा आहे.

आकड्यांकडे पाहिले की या प्रयत्नांची मर्यादाही दिसते. महापालिकेच्या २०१४ च्या गणनेत मुंबईत ९५,१७२ भटकी कुत्री आढळली. २०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात ती सुमारे १२ लाख ७६ हजार आणि देशात १ कोटी ५३ लाख होती. घरे देऊन हा प्रश्न सुटेल असे कोणताही जाणता कार्यकर्ता म्हणत नाही. न्यायालयाला मात्र एकदा तसे वाटले असावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने असा आदेश दिला की, ज्यांना भटक्या कुत्र्यांना खायला घालायचे असेल त्यांनी ती रीतसर दत्तक घेऊन घरी न्यावीत. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या सक्तीला स्थगिती दिली. नामदेवांची वाटी आणि दत्तकपत्र या दोन गोष्टी एकच आहेत का, असा तो वाद होता. अंगणात भाकरी टाकणाऱ्या माणसाला पालक ठरवता येत नाही, हे त्यातून तूर्त तरी मान्य झाले.

२०२३ मध्ये प्रजनन नियंत्रणाचे नवे नियम आले, पण परत सोडण्याचे तत्त्व कायम राहिले. त्याला पहिला मोठा धक्का बसला तो २०२५ मध्ये. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली व परिसरातील भटकी कुत्री उचलून निवारागृहांत ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला आणि रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्री वगळता बाकीची निर्बीजीकरणानंतर मूळ जागी सोडावीत असे सांगितले. त्याच आदेशात इच्छुकांना महापालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घेण्याची मुभा देण्यात आली, आणि असा कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी दत्तक घेणाऱ्यावर टाकण्यात आली. त्यानंतर ७ नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातून उचललेली कुत्री त्याच ठिकाणी परत सोडण्यास मनाई केली. निवारागृह हा ज्यांच्यासाठी आजवर उपचारापुरता मुक्काम होता, अशा या कुत्र्यांपुढे आता तेच आमरण पांजरपोळ आणि कोणाचे तरी घर, एवढेच दोन मार्ग उरतात.