धान्यकोठार की दारूकोठार? आधी छताकडे बघा

गडावर फिरताना जाड भिंतींची, खिडक्या नसलेली, आत काळोख असलेली इमारत लागली की सोबतचं कुणीतरी हमखास म्हणतं, "हे दारूकोठार." मागून येणाऱ्या घोळक्यात त्याच इमारतीची ओळख धान्यकोठार म्हणून करून दिली जाते. गोंधळ होणं साहजिक आहे. दोन्ही इमारती दगडाच्या, दोन्हींची दारं लहान, दोन्हींना ओल चालत नाही आणि दोन्ही रिकाम्या झाल्या त्याला आता दोनशे वर्षं उलटून गेली. (दारू म्हणजे इथे तोफा-बंदुकांची दारू, सोरा, गंधक आणि कोळसा यांचं मिश्रण. गडावर आलेल्या मुलांना हे आवर्जून सांगावं लागतं.)

मी आधी एकच गोष्ट बघतो. माल आत आला कुठून?

पन्हाळ्याच्या अंबारखान्यात याचं उत्तर डोळ्यांसमोर उभं आहे. गंगा, यमुना आणि सरस्वती अशी तिथल्या तीन कोठ्यांची नावं. त्यातली गंगा कोठी सगळ्यांत मोठी, साधारण 950 चौरस मीटरची. या कोठारात 25,000 खंडी (धान्याचं जुनं माप) धान्य मावत असे, असं सांगतात. नाचणी, वरी, भात असं मावळी माणसाचं रोजचं अन्न इथे साठायचं. आत गेल्यावर डोळे काळोखाला सरावू द्या आणि मग मान वर करा. सोळा खण आहेत, प्रत्येक खणावर बसका घुमट आहे आणि घुमटात एक भोक आहे. त्यातून उजेडाचा कवडसा थेट जमिनीवर पडतो. बाहेरच्या बाजूने छतावर जायला दगडी जिने आहेत. म्हणजे धान्य जिन्याने वर जायचं आणि त्या भोकांतून खाली ओतलं जायचं. त्याचं वजनच त्याला खणात पसरवायचं. कोठार गळ्यापर्यंत भरलं तरी आत उभं राहून ते रचत बसायची गरज नव्हती.

ही युक्ती काही फक्त राजांची नव्हे. मराठवाड्यात, सोलापूरकडे जुन्या वाड्यांत बळद असायचं. माळवदावरच्या (सपाट छतावरच्या) झरोक्यातून ज्वारी ओतायची आणि लागेल तशी खालच्या तोंडातून काढायची. लहानपणी आजोळी बळदात ज्वारी पडतानाचा आवाज मी ऐकला आहे. आधी फरशीवर टपटप, मग ढीग वाढेल तसा मऊ होत गेलेला सर्रर्र आवाज. गंगा कोठीत वर बघताना मला तोच आठवतो. अंबारखाना म्हणजे गडाच्या मापाने बांधलेलं बळदच.

आता हेच छत दारूकोठाराला लावून बघा. दारू वरून ओतत नाहीत. ती मडक्यांत, बस्त्यांत भरून हातांनी उचलून आत नेतात आणि तशीच बाहेर काढतात. ठिणगी आणि पाऊस या दोघांनाही आत वाट करून देईल असं भोक घुमटाला कोण ठेवील? घुमटाघुमटात ओतणीची भोकं असतील आणि छतावर चढायला बांधीव जिना असेल, तर मी ती इमारत धान्याची धरतो. मात्र एखादं भोक नंतर पडझडीत पडलेलं असू शकतं. म्हणून त्याची कड तपासावी. घडवलेली कड आणि निखळलेला दगड यांतला फरक बोट फिरवलं की कळतो.

दारूखाना कसा असावा हे तर लिहूनच ठेवलेलं आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे राज्यकारभार कसा करावा हे सांगणाऱ्या 1715 च्या सुमाराच्या ग्रंथात, त्याचे नियम आले आहेत. तो घरांजवळ नसावा, सदरेपासून अंतरावर असावा. भोवती कुसू, म्हणजे आवाराची भिंत, घालावं. आत तळघर करून त्याला चुन्याचा गच्च (पक्का थर) करावा, माच (उंच मांडणी) घालून त्यावर दारूची मडकी ठेवावीत. सर्दी लागू देऊ नये. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू बाहेर काढावी, तिला ऊन द्यावं आणि पुन्हा मोहोर (शिक्का) करून ठेवावी. रात्रंदिवस पहारा, परवानगीशिवाय आसपास कुणी फिरकायचं नाही.

हे वाचलं की दोन कोठारांचा स्वभावच वेगळा आहे हे लक्षात येतं. धान्य एकदा कोरडं भरलं की त्याला फार हलवायचं नसतं. त्याचे शत्रू ओल, उंदीर आणि किडे. दारूला सतत माणसाचा हात लागतो, कारण ओल शिरली की ती पेटायचीच नाही, आणि कोरडी राहिली की एक ठिणगी पुरते. धान्य माणसांच्या जवळ हवं, बालेकिल्ल्याच्या पोटात. पन्हाळ्याला ते तसंच आहे. 1660 मध्ये सिद्दी जौहरचा वेढा मार्चपासून पडला होता. जुलैत महाराज निसटले, तरी किल्लेदार त्र्यंबक भास्करांनी गड सप्टेंबरपर्यंत सोडला नाही आणि सोडला तोही महाराजांच्या आज्ञेवरून. इतके महिने माणसं तटावर उभी राहतात ती कोठाराच्या जिवावर.

दारू मात्र माणसांपासून लांब हवी. सिंहगडावर पुणे दरवाज्यातून आत गेलं की उजव्या हाताला दारूकोठार लागतं. 11 सप्टेंबर 1751 रोजी त्यावर वीज पडली. स्फोटात गडावरच्या फडणिसांचं घर उद्ध्वस्त झालं आणि घरातली सगळी माणसं गेली. अमात्यांनी "घराजवळ नसावा" असं सांगून ठेवल्याला तेव्हा जेमतेम छत्तीस वर्षं झाली होती.

बाकीच्या खुणा दुय्यम आहेत. आकार बघावा: धान्याला जागा फार लागते, त्यामुळे लांबरुंद, अनेक खणांची इमारत धान्याकडे झुकते. भोवतीचं कुसू शोधावं. कधी त्याचा फक्त पाया गवतात उरलेला असतो. भिंतीची जाडी मात्र मी पुरावा मानत नाही. ती दोघांचीही तेवढीच असू शकते, आणि बहुतेक चुकीची नावं या जाडीवरूनच पडलेली मला दिसली आहेत. छत पूर्ण कोसळलेलं असेल, जिना नसेल, कुसूचा मागमूस नसेल, तर मी तिला नुसतं "कोठार" म्हणतो.

सिंहगडावर आता बहुतेक जण उजवीकडे न बघताच भज्यांच्या वासामागे पुढे जातात. तिथे पाच मिनिटं थांबा. कोठाराला पाठ लावून उभे राहा आणि पुढची मोकळी जागा नजरेने मोजा. वीज पडली त्या दिवसापर्यंत इथल्याच कुठल्यातरी घरात चूल पेटत होती.